डाव्या परत येतोय

माझ्या आईला सगळी गल्ली मावशी म्हणते. ती शिंपीण आहे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. एक पायमशीन, एक विजेवरचं मशीन, कापायचं लांबरुंद टेबल आणि भिंतीवर दोऱ्यांची रिळं. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, शाळेचे गणवेश शिवायचे, अशी तिची कामं. आमची गल्ली थेट फुटबॉलच्या मैदानाच्या दरवाजाशी जाऊन संपते, म्हणून क्लबचे झेंडेही तिच्याकडेच येतात. खेळातलं मात्र तिला ओ की ठो कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे दादाने तिला कितीदा समजावलं असेल. ती मान डोलवायची आणि शेवटी विचारायची, "म्हणजे पोरगा पुढे गेला, एवढीच त्याची चूक ना?"

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा डावा पाय असा चालायचा की त्याचं खरं नाव लोक विसरूनच गेले. डाव्या म्हटलं की तोच. आमच्याच भिंतीवर चेंडू आपटून तो मोठा झाला, क्लबच्या पोरांच्या संघात गेला, मग मोठ्या संघात. तो गोल मारायचा तेव्हा आमच्या तांब्यातलं पाणी हलायचं, एवढा मैदानातून आवाज यायचा. आई म्हणायची, "झालं वाटतं त्याचं काहीतरी चांगलं."

आणि एक दिवस तो नदीपलीकडच्या क्लबात गेला.

दुसऱ्या कुठल्याही क्लबात गेला असता तर लोकांनी चार दिवस तोंडं वाकडी केली असती. पण नदीपलीकडचे म्हणजे आमच्या लोकांचे सख्खे वैरी. बातमी दुपारी आली. संध्याकाळी आई एका पोरीच्या फ्रॉकची खालची पट्टी टाचत होती. टाचण्या ओठांत धरायची तिला सवय. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला. मी शटर ओढून घेतलं, दिवा मालवला. पहिली बाटली वरच्या खिडकीवर फुटली तेव्हा आईने माझा हात ओढला आणि आम्ही दोघी कापायच्या टेबलाखाली शिरलो.

शटरवर लाथा बसत होत्या. शिव्या ओळखीच्या होत्या, आवाज मात्र एकमेकांत मिसळलेले, कुणाचा कुठला कळत नव्हतं. फक्त एक आवाज वेगळा पडला. चढला की फाटायचा तो, एखाद्या वयात येणाऱ्या पोराचा फाटतो तसा. "बाहेर काढा तिला! म्हातारीला बाहेर काढा!" पुन्हा पुन्हा तेच. मी आईच्या दंडाला धरून होते. ती श्वास घेते की नाही तेही समजत नव्हतं. पोलिसांची गाडी आली, लोक पांगले, मी दिवा लावला, तेव्हा पाहिलं तर टाचण्या अजून तिच्या ओठांतच होत्या. थुंकल्या तर आवाज होईल म्हणून तिने तशाच धरून ठेवल्या होत्या. ओठांतून रक्त येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका शिडी घेऊन आले आणि एक शब्द न बोलता वरच्या खिडकीला नवी काच बसवून गेले. ते बोलतात तेव्हाही पुटपुटल्यासारखं बोलतात. त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या दाराच्या कडीला गरम पावाची पिशवी लटकलेली असायची. आई म्हणायची, "अख्ख्या गल्लीत एक माणूस माणसासारखा आहे."

दादाने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. ती गेली आणि महिना व्हायच्या आत परत आली. तिथे करमत नाही म्हणाली. मशीन इथे, गिऱ्हाईक इथे, जाणार कुठे? हळूहळू लोकही यायला लागले. पँटी कुणाच्या लांब व्हायच्या थांबतात का? ज्यांनी शटरवर लाथा मारल्या असतील तेच आता मावशी, मावशी करत मापं द्यायला उभे राहायचे. आई खाली बसून त्यांच्या पायाशी टेप लावायची, आणि तिचं सगळं लक्ष त्यांच्या आवाजाकडे असायचं. हाच का तो? की हा? साधं बोलताना कुणाचाच आवाज फाटत नाही, हीच तर अडचण होती. कधी कधी ती मुद्दाम काम उशिरा द्यायची, गिऱ्हाईक चिडून ओरडतंय का बघायला. आणि खरंच कुणी आवाज चढवला की स्वतःच पांढरीफटक पडायची. मी म्हणायचे, "अगं, का करतेस असं?" ती म्हणायची, "तोंड माहीत नसलं की सगळ्यांचीच तोंडं त्याची वाटतात."

अशी सात वर्षं गेली. मग एका दुपारी दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आई, क्लबवाले परत बोलावतायत. आपला क्लब."

आईने मशीनवरचा पाय काढला.

"गुडघा पूर्वीसारखा राहिला नाही माझा. अजून दोन वर्षं खेळेन फार तर. ती तिकडे खेळावीत असं वाटतं. पण तू हो म्हणालीस तरच."

"माझं काय त्यात," आई म्हणाली. "तुझं तू बघ."

"तुझंच आहे त्यात. तू तिथे राहतेस."

आई मशीनचं चाक हाताने फिरवत राहिली. शेवटी दादाच म्हणाला, "बरं, विचार कर," आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. ये म्हणावं तर पुन्हा तो गलका, पुन्हा ते शटर. येऊ नको म्हणावं तर आपल्याच पोराला आपल्याच दारातून परत पाठवल्यासारखं. ती माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे. मलाही भीतीच वाटत होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथे खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूससुद्धा आधी विचारायचा, "डाव्या परत येतोय म्हणे?" आणि माझं उत्तर न ऐकताच बाजूच्याशी भांडायला लागायचा. नाक्यावर, बसथांब्यावर, जिन्यात, सगळीकडे तोच विषय. घराघरांत फूट पडली. एका बाईने मला सांगितलं की तिचा नवरा आणि सासरा आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीयेत, आणि घरात फार शांतता आहे, ती तरी खूश आहे.

मग एका संध्याकाळी तिघं जण दुकानात आले. पुढे ढोल्या. टॅक्सी चालवतो, सामन्याला ढोल बडवतो, आणि चाहत्यांच्या मंडळाचा पुढारी तोच. दादाचा लहानपणापासूनचा जिवलग मित्र, आणि म्हणूनच त्याच्यावर सगळ्यात जास्त खार खाऊन. मागे मंडळाचे चिटणीस, निवृत्त मास्तर. त्यांच्यामागे बेकरीवाले काका. तिघांनी मिळून मोठा झेंडा आणला होता. तो टेबलावर पसरला तर अर्धा जमिनीवर लोळला.

"मावशी, नव्या हंगामाला यावर अक्षरं लावायचीत," मास्तर म्हणाले. "काय लावायची ते अजून ठरायचंय."

"ठरायचं काय त्यात?" ढोल्या म्हणाला. "तो आलाच तर त्याला कळलं पाहिजे आम्हाला काय वाटतं ते."

"पोटासाठी माणूस नोकरी बदलतो रे," मास्तर म्हणाले. "तू नाही जुन्या टॅक्सी कंपनीतून नव्या कंपनीत गेलास?"

"गेलो. पण नव्या कंपनीच्या गाडीचा मुका नाही घेतला चार लोकांत! याने घेतला. आपल्याला गोल मारला आणि आपल्याच तोंडासमोर त्यांच्या जर्सीचा मुका घेतला. मावशी, तुम्ही माफ करा, पण घेतला."

आई झेंड्याची सुटलेली शिवण बघत होती. तिने बोटं कापडाखाली सरकवली.

"आता त्यांनी टाकलाय म्हणून येतोय," ढोल्या पुढे म्हणाला. "गुडघा गेलेला घोडा. आपण काय पांजरपोळ उघडलाय?"

"तो आपलाच पोरगा आहे," बेकरीवाले काका पुटपुटले.

"आपला होता."

"आहे. इथे वाढलाय. परत येतोय तर येऊ द्यावं."

"तुम्ही पाव भाजा, काका. तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

आणि काकांचा बांध फुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. मान लाल झाली, हात वर गेला. "बाहेर काढा याला!" ते मास्तरांकडे बघून ओरडले. "आधी याला मंडळातून बाहेर काढा!"

आवाज शेवटाला फाटला.

आईच्या हातातली कात्री खाली पडली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तिला कळलंय. काकांनीही तिच्याकडे पाहिलं. त्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. ढोल्या आणि मास्तर आपले भांडतच होते. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला, की झेंड्यावर फक्त 'विसरलो नाही' एवढंच लिहायचं. ढोल्याला वाटलं ही धमकी, मास्तरांना वाटलं ही माया. दोघेही समाधानाने गेले. काका केव्हा निघून गेले ते कुणाला दिसलंच नाही.

त्या रात्री आईने दाराला आतून टेबल लावलं. "इतकी वर्षं त्याच्या हातचं खाल्लं," एवढंच बोलली. सकाळी कडीला पिशवी होती. तिने ती काढली नाही. दुपारी पाव कडक होऊन गेले तरी तशीच.

मी म्हटलं, पोलिसांना सांगू. निदान ढोल्याला सांगू. ती म्हणाली, "ढोल्याला सांगितलं तर तो उद्या त्याचं शटर फोडेल. मग आणखी एक टेबलाखाली बसायचा." आणि उठून चप्पल घातली. भिंतीला धरून चालत होती. मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की वाटेतच तिने परत फिरावं.

बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. काका पिठाचे हात घेऊन आतून आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबले.

"तो आवाज तुमचा होता," आई म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

काका नाही म्हणाले नाहीत. "माझाच," म्हणाले. "मला आजही कळत नाही, मावशी. मी दुकान बंद करून बघायला आलो होतो नुसता. सगळे ओरडत होते. मग मीही ओरडायला लागलो, आणि थांबताच येईना." त्यांनी हात पुसले, पण पीठ निघालं नाही. "तेव्हापासून तुम्ही दुकानात आलात की माझ्या छातीत धडधडतं. आज ओळखतील, आज ओळखतील."

"तुम्ही घाबरायचात?" आई म्हणाली. "तुम्ही? मला?"

ते रडायला लागले. आईने त्यांना थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही. रडू संपेपर्यंत ती काउंटरला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून पिशवी लावू नका. मला पाव हवा असला तर मी येईन. मी तुम्हाला बघून घाबरायचं नाही आणि तुम्ही मला बघून. जमतंय का बघू."

घरी आल्यावर तिने मला फोन लावायला सांगितला. दादा "हॅलो" म्हणायच्या आत ती बोलून मोकळी झाली. "ये. मला भीती वाटतेच आहे, पण तू ये. आणि स्टेशनवरून मागच्या गल्लीने ये."

तो आला. पहिल्या सामन्याच्या दुपारी आई आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. तिने मला फोन बंद करायला लावला, टीव्ही लावू दिला नाही. म्हणाली, "जे होईल ते नंतर कळेल." ढोल वाजत होते. मग ढोल थांबले आणि शिट्ट्या सुरू झाल्या, लांबलचक, कान फाडणाऱ्या. मी ओळखलं, त्याला मैदानात उतरवलंय. शिट्ट्यांत टाळ्याही होत्या, पण कशाचा जोर जास्त ते कळेना. आईने माझं मनगट असं आवळून धरलं की बांगडी रुतली.

आणि एकदम गर्जना झाली. हजारो लोक एकाच वेळी ओरडले. आनंदाने की संतापाने, भिंतीआडून काही समजत नव्हतं. गर्जना तुटली आणि मागे नुसता गलबला उरला. आई उभी राहिली. "मारलं का गं त्याला?" ती म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. मी फोन हातात घेतला, पण सुरू करायचा मलाही धीर होईना.

सामना संपल्यावर गल्लीत धावत येणारी पावलं वाजली. एकाच माणसाची. शटरवर थाप पडली तेव्हा आई कोपऱ्यात सरकली. "मावशी, मी आहे, ढोल्या!" मी शटर अर्धं वर केलं. तो घामाने निथळत वाकून आत आला.

"काय केलं त्याला?" आईने विचारलं.

"त्याला? त्याने आम्हाला काय केलं ते विचारा!" ढोल्या ओरडला. "गोलकीपर पडलेला, समोर मोकळी जाळी, चेंडू डाव्या पायावर, आणि या गाढवाने खांबाला मारला! खांबाला! माझी आजी काठी टेकत आली असती तरी आत घातला असता! अख्खं मैदान कपाळ बडवत होतं. मी त्याला अशा शिव्या घातल्या, मावशी, अशा, की शाळेनंतर पहिल्यांदाच."

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो चिडलेला होता, पण डोळे चमकत होते.

"म्हणजे त्याला लागलं नाही कुठे?" तिने विचारलं.

"लागायला काय झालंय? हसत होता तो! माझ्याकडे बघून कान धरले त्याने." ढोल्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "येतोच आहे मागून. पुढच्या गल्लीने. मी सांगितलं त्याला, मी जाऊन मावशीला सांगतो, ती घाबरत असेल."

आईने स्टूल पुढे सरकवलं आणि त्यावर बसली.

"पाणी दे गं त्याला," ती मला म्हणाली. मग ढोल्याला म्हणाली, "शटर अर्धंच राहू दे. तो दिसला की उघड."