वाळूवरची रेघ

मुलगी मोबाइलवर कोकणातल्या सायकल-सफरीचा रस्ता आखत होती. तिचं बोट किनाऱ्यावरून सरकलं आणि मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

तरुणपणी मी आणि मित्र गजा विदर्भातल्या नांदुऱ्याहून असेच गेलो होतो. संध्याकाळी किनाऱ्याची वाळू डांबरासारखी घट्ट दिसली, म्हणून चढ टाळायला नकाशावर मी तिच्यावरूनच रेघ ओढली. सकाळी अर्ध्या वाटेत पाणी चाकांना लागलं, मग गुडघ्यांना.

"पानी काऊन वाढून राह्यलं बे?" गजा ओरडला. पावसाशिवाय पाणी चढतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आभाळ तर निरभ्र होतं. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही खडकावर चढलो.

"थांबते ना हे?" त्यानं विचारलं.

"हाव," मी होकार दिला. रस्ता मीच आखला होता ना! खरं तर ते थांबणार की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं; दुपारनंतर पाणी ओसरलं तेव्हा आम्ही सुटलो.

मुलीकडे आता भरतीच्या वेळाही आहेत. तरी "बाबा, इथूनच जाऊ ना?" असं तिनं विचारलं, तेव्हा 'हाव' म्हणण्याआधी मी त्या वेळा स्वतः वाचायला घेतल्या.