बसलेल्याला कोणी मारत नाही

आधी तिचं सांगते, मग काय झालं ते. हैदराबादच्या आबिड्स बाजारात फुटपाथवर नाडे, इलॅस्टिक, बटणं, साडीच्या पिना विकणारी एक आपा बसायची. तिनं मला ओढून घेतलं म्हणून माझं डोकं शाबूत आहे, आणि तिनं तोंड उघडलं म्हणून माझं काम शाबूत आहे. नाव मी कधी विचारलं नाही. आपा म्हटलं की ती वळून बघायची, तेवढं पुरायचं.

मी नांदेडकडची. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन हैदराबादला आले, नल्लकुंट्याच्या मागच्या बस्तीत. गंमत बघा, शाळा सोडलेली बाई शेवटी शाळेतच लागली. सरकारी शाळेत दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करायला. हे काम बायकांच्या गटाला मिळतं. गटात असाल तर काम, गटानं काढलं तर घरी. आमच्या गटातली मोठी बाई तेलुगू आहे. तिला सगळ्या पेद्दम्मा म्हणतो, म्हणजे मोठी आई. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू अर्धंमुर्धं येतं, त्यामुळं आमचं भांडण आणि माया दोन्ही मोडक्या हिंदीत चालतात.

आता भाऊचं सांगते. आमच्या बस्तीत एक छोटं विहार आहे. रविवारी सगळे वंदनेला जमतात. तिथं एक पोरगा यायचा, सीमेजवळच्या गावचा, मराठी बोलणारा, आपल्यातलाच. पोलिसात शिपाई. आमच्या लोकांना त्याचा केवढा अभिमान. तो वर्दीत आला की म्हातारी माणसंसुद्धा सरकून जागा द्यायची. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई.

माझा नवरा दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासमध्ये अटेंडर आहे. तिथं चोरी झाली तेव्हा पोलिसांनी सगळ्या अटेंडर लोकांना उचलून नेलं. मी विहाराच्या पायरीवर रडत बसले होते. भाऊ ठाण्यात गेला आणि दिवे लागायच्या आत नवऱ्याला घेऊन दारात उभा राहिला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाला, "ताई, आपल्यात पाया पडत नसतात. त्यापेक्षा भाकरी करून घाला." तेव्हापासून दर रविवारी त्याच्यासाठी ज्वारीच्या भाकऱ्या आणि ठेचा, फडक्यात बांधून. कुणी केलेलं मी विसरत नाही. तो माझा स्वभाव आहे. भिण्याचाही आहे.

मग बातमी आली की शाळाशाळांतल्या चुली बंद करणार. एका मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीनं जेवण येणार, बायकांची गरज नाही. शहरातल्या सगळ्या स्वयंपाकी बायकांनी ठरवलं, आबिड्सला शिक्षण खात्याच्या ऑफिससमोर धरणं द्यायचं. मी आयुष्यात कधी धरण्याला गेले नव्हते. ठरलं तेव्हापासून मी भेटेल त्याला विचारत होते, पोलीस येतील का.

त्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. छातीवर कागद लावायला पिना हव्या होत्या म्हणून मी फुटपाथवर आपाकडं गेले, तर तिच्या दुकानाशेजारी बंदोबस्ताला भाऊ उभा. मला इतकं बरं वाटलं. परक्या गावात घरचं माणूस भेटावं तसं.

"भाऊ, काही होणार तर नाही ना?"

"काय होतंय ताई? घोषणा द्या, निवेदन द्या, डबे खा, घरी जा."

"हातात लाठी हाय की तुमच्या."

"लाठी वर्दीसोबतच मिळते. टोपीसारखी."

मला हसू आलं नाही. तेव्हा तो जरा खाली वाकून समजावून बोलला. "हे बघा. उभा राहणारा मार खातो, पळणारा मार खातो. बसलेल्याला कोणी मारत नाही. फार तर उचलून गाडीत घालतील आणि संध्याकाळी सोडतील. सगळ्या बायकांना सांगा, काही झालं तरी उठायचं नाही."

मी परत विचारलं, नक्की ना. माझं असंच आहे, गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघते. तो हसला आणि आपाकडं वळला. "देखो आपा, हमारी ताई कित्ता डरती. आप बोलो इनकू, बैठे सो लोगां कू कौन मारता?"

आपा लाकडी पट्टीवर इलॅस्टिक मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "मैं कायकू बोलूं? लकडी तुमारे हात में है."

मी जाऊन बायकांना सांगितलं. पेद्दम्मानं विचारलं, "पोलीस बोला?"

"मेरा भाई है, पेद्दम्मा."

"हौ. वर्दी उतारे तो सब भाईच रहते," ती म्हणाली. पण बसली. ती बसली म्हणून बाकीच्याही बसल्या. एकमेकींच्या हातात हात अडकवून, पाय दुमडून, पंगतीला बसतो तशा.

दुपारपर्यंत खरंच काही झालं नाही. कुणीतरी चिंच चाटत होतं, कुणी घोषणेत सुनेला शिव्या घालत होतं. मग मोठा अधिकारी आला. भोंग्यावरून तेलुगूत काही बोलला, रस्ता मोकळा करा असं. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी उठायला लागल्या. मीच ओरडले, बसा, बसा, उठू नका.

लाठीचा आवाज मला वाटला होता तसा नव्हता. उन्हात गादी झोडपतात तसा होता. जाड आणि बसका. बसलेल्या माणसाला उठायचं तर हात जमिनीला टेकावे लागतात. आमचे हात डोक्यावर होते. मांडीत मांडी अडकलेली, पदर एकमेकींच्या खाली दाबलेले. पळणाऱ्या वाचल्या. बसलेल्यांना कुठं जाताच आलं नाही. पेद्दम्माच्या गुडघ्यावर लाठी बसली तेव्हा ती ओरडली नाही, नुसती "अय्यो" म्हणाली, हातातून भांडं निसटावं तसं.

भाऊ समोरच होता, गर्दी अडवायची दोरी धरून. मी हाक मारली. वाचवा वगैरे काही नाही, नुसतं "भाऊ". त्यानं बघितलं. बघितलं हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. त्यानं मला हात लावला नाही, खोटं कशाला बोलू. मारणारा दुसराच होता. पण ज्यानं मारलं त्याचा चेहरा मला आठवत नाही, याचा आठवतो.

हात वर होता तो मनगटाच्या वर मोडला. मग कुणीतरी पदराला धरून मला मागं ओढलं, खोक्यांच्या आड, आणि वरून प्लास्टिक टाकलं. आपा होती. एक शिपाई आत डोकावला तर म्हणाली, "मेरी बहू है साब, चक्कर आया उसकू." तो गेल्यावर तिनं इलॅस्टिक मोजायची ती पट्टी माझ्या हाताखाली घातली आणि नाड्यांचं नवं पाकीट फोडून पट्टी हाताला बांधली. "हिलाओ नक्को," म्हणाली. मला रडू फुटलं. "रोओ नक्को बोली तो भी रोतेच तुम. रोलो."

मराठी पेपरात याला सौम्य लाठीमार म्हणतात. इथंही टीव्हीवर तसलंच काहीतरी म्हणाले, थोडं बळ वापरलं म्हणून. मुलगी मोबाईलवर तेलुगू बातमी वाचून मला सांगत होती आणि मी प्लास्टरकडं बघत होते.

शाळेत गेले तर पेद्दम्मा भिंतीला पाय लांब करून बसलेली. "तुम बैठो बोले, मैं बैठी. अब देखो, मेरेकू उठनाच नै आता." पहिल्या दिवशी ती हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. मग बाकीच्यांचं सुरू झालं. पोलीस की बहन आई. इसकू मालूम था. कुणी म्हणालं, पोलिसांनीच हिला सांगून ठेवलं असणार, सगळ्यांना बसवून ठेव म्हणजे झोडपायला सोपं. मी म्हटलं, मलाही लागलंय की. "थोडा लगना पड़ता ना, दिखाने कू," असं उत्तर आलं. मला डाळीला हात लावू देईनात. शनिवारी मुलं गेल्यावर गट बसणार होता, मला ठेवायचं की काढायचं ते ठरवायला.

मधे रविवार आला नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मला वाटत होतं, भाऊ एक शब्द बोलला की सगळं मिटेल. आमच्या बस्तीतली गटातली एक बाईही वंदनेला होती, म्हणजे तिच्या तोंडून सगळ्यांना कळेल. आम्ही सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, तेही म्हटलं. भाऊ माझ्या पुढच्या रांगेत होता, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. संपल्यावर मी वडीलधाऱ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, एवढंच सांगा, तुम्ही मला बसून राहायला सांगितलं होतं."

"मी कशाला असं सांगीन ताई?" तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मी तर म्हटलं होतं, जाऊच नका. तुम्ही घाबरला होता, तुमचा काहीतरी घोळ झाला असेल."

मी सगळ्यांकडं बघितलं. एक आजोबा म्हणाले, "पोराच्या नोकरीचा सवाल आहे बाई. आपल्यातलं एक माणूस वर गेलंय. सोडून दे." बायका चपला शोधायला लागल्या. कुणालाच तो खोटं बोलतोय का हे बघायचं नव्हतं. मी खरं बोलतेय हे त्यांना माहीत होतं, मला तर वाटतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

जाताना तो हळूच म्हणाला, "हात बरा होऊ द्या ताई. मग भाकरी खायला येतो."

शुक्रवारी मी आपाची पट्टी परत द्यायला आबिड्सला गेले. द्यायची आणि यायचं, एवढंच ठरवलं होतं. पण तिनं विचारलं, हात कैसा है, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर आलं, विहार, गट, शनिवार. ती नाडे गुंडाळत ऐकत होती. "वो ऐसा बोला? मेरे सामने की बात है." मग म्हणाली, "शाळा किधर है तुमारी?"

शनिवारी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला तिनं दुकान फडक्यात बांधलं आणि बसनं नल्लकुंट्याला आली. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. गाठोडं काखेत घेऊन ती दारात उभी राहिली. पेद्दम्मा म्हणाली, "बैठो अम्मा."

"नै, खड़े रहकेच बोलती मैं. बैठे सो लोगां का हाल देखी उस दिन."

कुणीतरी फिसकन हसलं. मग तिनं सांगितलं. तो शिपाई काय बोलला, मी दोनदोनदा कशी विचारत होते, त्यानं आपालाच साक्षीला कसं घेतलं. जसं झालं तसं, वर काही लावलं नाही. शेवटी म्हणाली, "ये औरत डरती बहोत है, मगर झूठ नै बोलती," आणि पाणीही न पिता गेली, कारण बस होती.

पेद्दम्मा बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग डाळीचं ताट माझ्याकडं सरकवलं. "एक हाथ से चुनना आता ना?"

इथं थांबले असते तर गोष्ट चांगली झाली असती. पण पुढच्या रविवारी पेद्दम्मा काठी टेकत विहाराच्या दारात आली. मी नको म्हणत होते. भाऊ बाहेर येऊन बूट घालत होता. तिनं त्याला हिंदीत विचारलं, तू मेरे कू बिठाया के नै? तो म्हणाला, कोण बोलतं असं? "नाडेवाली बोली. सब बोली." त्यानं बुटाची लेस बांधली, माझ्याकडं बघितलं, आणि निघून गेला.

मी कुणावर आळ घेत नाही. जे बघितलं ते सांगते. त्याच आठवड्यात आबिड्सला गेले तर आपाच्या जागेवर पोलिसांचं लोखंडी बॅरिकेड आडवं टाकलेलं. शेजारचा जुन्या पुस्तकांवाला तिथंच होता, मोजेवालाही होता. "बड़ी बी कू उठा दिए," पुस्तकवाला म्हणाला. "सिर्फ उनकूच."

शोधत शोधत ती सापडली, माझं प्लास्टर निघाल्यावर, नामपल्लीकडच्या एका गल्लीत. खांद्यावर पिशवी, गळ्यात नाड्यांच्या लडी, हातात तीच पट्टी. बसायला जागा नाही म्हणून फिरून विकते. तिच्या वयाला फिरणं झेपत नाही, मधेमधे भिंतीला टेकते. मला बघून म्हणाली, "हात सीधा हुआ?" थोडा वाकडाच जुळलाय, पण मी हौ म्हटलं. मी माफी मागायला लागले तर तिनं पट्टी माझ्या खांद्यावर हलकेच मारली. "तू कायकू? तू बिठाई क्या वो लोहा वहां?"

चुलीचं अजून ठरलेलं नाही. वंदनेला मी जाते, पण लांबच्या कोपऱ्यात बसते. भाऊला अजूनही सगळे सरकून जागा देतात. भाकऱ्या मी घरच्यापुरत्याच करते.

आपा, तुला हे वाचता येणार नाही. माझ्या मुलीलाही मराठी धड वाचता येत नाही, तिलाही मीच वाचून दाखवणार आहे. पण लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस मी तुझी जागा मागायला जाईन. त्या ठाण्यात, त्या ऑफिसात, जिथं जावं लागेल तिथं. ही जागा आपाची होती आणि ती का गेली, ते तुझ्यासारखंच सांगेन, वर काही न लावता. मला भीती वाटेल, दारातून दोनदा परत फिरेन. पण जाईन. आणि कुणी बस म्हटलं तरी बसणार नाही.