नळाच्या साइटला पडलेलं भोक

निषेधाचं पत्रक मला एसटीत उभ्यानं लिहिता येतं. त्या शनिवारी धुळ्याहून जळगावला जाताना मात्र 'जाहीर निषेध! जाहीर निषेध!' एवढी एक ओळ झाली आणि पुढे कोणाचा ते सुचेना. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी कागद तसाच.

झालं होतं असं. धुळ्याच्या कडेला आमची वस्ती. तिथं नळाला पाणी रोज येत नाही आणि येईल त्या दिवशीसुद्धा कुठल्या गल्लीला किती वाजता येईल ते वॉलमन ठरवणार. वॉलमन म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लांब चावी घालून पाणी या गल्लीचं त्या गल्लीला वळवणारा माणूस. आम्ही काही पोरापोरींनी आधी ओरडून बघितलं, मग हंडे घेऊन मोर्चा काढून बघितला. शेवटी एक साइट केली. ज्या बाईच्या गल्लीत पाणी आलं तिनं मोबाईलवरून कळवायचं, की बाकीच्यांना मेसेज. नाही आलं तर गल्लीच्या तोंडावरच्या सार्वजनिक नळाचा फोटो टाकायचा. कोरड्या नळाला कोण खोटं म्हणणार? नाव द्यायचं नाही, फक्त नंबर. आणि पत्रकावर मी स्वतः ठळक टायपात छापून घेतलं होतं: 'तुमचा नंबर कोणालाही कळणार नाही.'

त्या ओळीच्या भरवशावर सगळ्यात जास्त तक्रारी करायची ती एक अक्का. तिच्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी यायचं, कारण तिचा नवराच वॉलमन होता! आपल्या गल्लीला आधी सोडलं तर लोक बोट दाखवतील, म्हणून हा गृहस्थ आपल्या दाराला शेवटी पाणी सोडायचा आणि तोवर वरची टाकी तळाला गेलेली असायची. घरात सांगून झालं, रुसून झालं. मग अक्कानं साइट धरली. घरात बोलायची अहिराणी, पण तक्रार लिहायची छापील मराठीत, झणझणीत.

पहिल्या दिवशीच तिनं मला कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, "मन्हा नंबर दिसाव नही ना, भाऊ?"

"अक्का, छापून दिलंय आम्ही."

"छापेल तं बठ्ठंच ऱ्हास," ती म्हणाली; छापलेलं काय, सगळंच असतं. पण नंबर दिला.

साइट बांधली होती माझ्या मैत्रिणीनं. ती जळगावची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते आणि आमचं काम फुकट करते. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"भोक सापडलंय."

"कुठल्या पाइपला?"

"आपल्या साइटला, शहाण्या. निघ आणि ये इकडे."

मी एसटीत बसलो तो असा.

तिच्या घरी पोचलो तर तिनं फोटो टाकायची सोय आधीच बंद करून ठेवली होती. लॅपटॉपवर धोक्याच्या लाल ओळींची रांग. मी म्हटलं, सांग आता, कोणी केलं हे? तिनं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. साइट आपण अख्खी लिहीत नाही. फोटो लहान करणारा भाग एकाचा, तारीख-वेळ दाखवणारा दुसऱ्याचा, मेसेज पाठवणारा तिसऱ्याचा, असे तयार भाग आणून जोडतो. त्यातल्या फोटोच्या भागात चूक निघाली होती. मुद्दाम बिघडवलेला फोटो कोणी टाकला, तर साइटच्या पोटातलं सगळं त्याला वाचता येईल. सगळं म्हणजे नंबरसुद्धा. नंबर म्हणजे अक्कासुद्धा.

मला घामच फुटला. घाम फुटला की मी चिडतो.

"कोणाचा आहे हा भाग? नाव सांग, पत्रक काढतो."

"कुठल्या तरी देशातला एक माणूस आहे. फुकट लिहिलं त्यानं."

"फुकट लिहिलं म्हणून काहीही लिहायचं?"

"चूक सापडल्यावर त्यानंच दुरुस्त केली. नवीन भाग करून ठेवला, सगळ्यांना कळवलं. उन्हाळ्यातच."

"मग आपण का नाही घेतला?"

ती म्हणाली, "मी दोनदा म्हटलं होतं की भाग बदलायला लागतील. तुमच्या बैठकीत काय ठरलं? चालतंय ना, मग हात लावू नका."

हे खरं होतं. आमच्या गटात एक पद्धत आहे. पत्रकाचा मजकूर बैठकीत एकदा मंजूर झाला, की त्यातलं अक्षर कोणी बदलायचं नाही, नाहीतर जो तो आपलं घुसडतो. ती पद्धत आम्ही जशीच्या तशी साइटला लावली होती. साइट मंजूर, विषय संपला! पत्रक वाटून झालं की त्याला पुन्हा कोण हात लावतं? पण पत्रक पडून राहिलं तर फार तर त्यावर कोणी भजी खाईल. साइट पडून राहिली की तिला भोकं पडतात, ती न वापरता पडतात आणि वापरूनही पडतात. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि जी शिकवत होती तिला आम्ही पुढच्या बैठकीला ये म्हणून सांगत होतो.

मी निषेधाचा कागद घडी घालून खिशात टाकला.

"लाव मग तो नवीन भाग. सरळ लाव."

"सरळ लागत नाही."

फोटोचा नवा भाग म्हणाला, मला खालचा पाया नवीन पाहिजे. पाया नवीन केला तर तारखेचा जुना भाग अडला. तो बदलला तर मेसेजवाल्यानं नाक मुरडलं. लग्नाच्या पंगतीत एका मामाला उठवून दुसरीकडे बसवावं आणि सगळी रांगच रुसावी, तसं चाललं होतं. हे सगळं ती खऱ्या साइटवर करत नव्हती, बाजूला एक नक्कल करून तिच्यावर करत होती. मला धीर नव्हता. मी म्हटलं, खऱ्याच साइटवर कर की, वेळ कशाला घालवतेस?

"तू प्रूफ न बघता पत्रक छापतोस का?"

आमचा वाद ऐकून तिच्या आईनं आतून विचारलं, "जिंकली का गं?" ती म्हणाली, "हो आई, पहिल्यांदाच." आणि शेवभाजीची ताटं आली. मी जेवता जेवता नकलेवरून बोट फिरवत होतो. तेवढ्यात दिसलं की आमच्या गल्लीला पाणी आलं साडेअकराला.

"साडेअकरा? आमच्याकडे त्या दिवशी सहाला आलं होतं. साडेअकराला बायका कपडे वाळवून मोकळ्या होतात."

तिनं ताट बाजूला सारलं. तारखेचा नवा भाग आपली वेळ परदेशातली समजून तिच्यात साडेपाच तास मिळवत होता. हे असंच वस्तीत गेलं असतं, तर नव्या दुरुस्तीनं अख्ख्या वस्तीचं पाणी घालवलं असतं. तिनं ते सरळ केलं, सगळ्या गल्ल्यांच्या वेळा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या आणि मगच खरी साइट बदलली. लाल ओळी गेल्या. फोटो पुन्हा सुरू झाला.

"पण आधीच कोणी वाचून गेलं असेल तर?" मी विचारलं. माझ्या डोळ्यापुढे अक्का होती.

साइटवर कोण आलं-गेलं याची नोंद तिनं उघडली. आमच्या वस्तीचे फोन सोडले तर जगभरातले भामटे येऊन आमच्याकडे नसलेलीच दारं वाजवून गेले होते. "हे सगळ्यांकडेच वाजवतात," ती म्हणाली. फोटोच्या वाटेनं आत शिरल्याची खूण कुठे नव्हती. मी तिच्या आईला वाकून नमस्कार केला. मैत्रिणीला केला असता तर तिनं चिडवून जीव घेतला असता.

आमच्या गटातले सगळ्यात वडील म्हणजे नाना. रविवारच्या बैठकीत त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकले.

"काही गेलं नाही ना? मग कशाला दवंडी पिटायची?"

"नाना, पाणीवाले आपल्याला हेच सांगतात. काही झालं नाही, घरी जा."

नानांनी मिशीला पीळ दिला. "छाप," म्हणाले. "पण एकाच पानात."

पत्रक एकाच पानात झालं. साइटला भोक होतं. बुजवलं आहे. कोणाचा नंबर गेल्याची खूण नाही. ज्यांना आपला नंबर काढून घ्यायचा असेल त्यांनी सांगावं, लगेच काढू. असं पत्रक मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं. एकही उद्गारचिन्ह नाही.

मंगळवारी पाण्याचा वार होता. मी मोटारसायकल अक्काच्या गल्लीच्या तोंडावर नळाजवळ लावली आणि सगळ्यात आधी तिच्या दारात गेलो. दार उघडलं वॉलमननं. त्यानं पत्रक घेतलं, ओट्यावर बसला आणि मोठ्यानं वाचलं.

"फुटायलाच पाहिजे होते नंबर," तो म्हणाला. "ती बाई कोन शे ते तरी कळलं असतं. अख्ख्या वस्तीत माझीच अब्रू काढते. घरच्या गल्लीला आधी सोडू का मी? लोक काय म्हणतील?"

अक्का चहा घेऊन बाहेर आली. "कळनं तं माले बी सांगा हां," ती नवऱ्याला म्हणाली आणि कप माझ्या हातात देताना, जणू सहज, मला विचारलं, "आते पुन्हा भोक पडाव नही ना, भाऊ?"

मला 'कधीच नाही' म्हणायची फार सवय आहे. जीभ वळवळली.

"पडणार नाही असं मी छापणार नाही, अक्का. दर आठवड्याला उघडून बघू, आणि पडलं तर तुम्हाला आधी सांगू, एवढं छापतो."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "हाई बरं शे," म्हणाली आणि आत गेली. नंबर काढा असं म्हणाली नाही. पण ठेवा असंही म्हणाली नाही. वॉलमन मला दुसरा कप घ्यायचा आग्रह करत बसला.

मोटारसायकल तिथंच ठेवून मी बाजूच्या दोन गल्ल्यांत पायी पत्रकं वाटत फिरलो. तेवढ्यात जळगावहून फोन आला. मैत्रीण हसत होती.

"नवीन भागावर पहिला फोटो आला बघ. वेळ बरोबर, नळ कोरडा. खाली लिहिलंय, 'आज पाण्याचा वार असून गल्लीत थेंब नाही. वॉलमन घरी बसून आंदोलनकर्त्यांना चहा पाजत आहेत.' आणि नळाला टेकून उभी आहे ती मोटारसायकल तुझीच ना?"