पानथरी नसलेला माणूस

डोळखांबकडच्या त्या माणसाला त्याच्या थोरल्या भावाने शहापूरच्या दवाखान्यात आणलं ते भांडतच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. माणूस तापाने फणफणलेला, डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी.

“कावीळ हाय. गावच्या वैदूचं औषध दंडाला बांधलंय. तुमी नुसतं सलाइन लावा,” भाऊ म्हणाला.

पोटावर उभा व्रण होता. कसला, म्हणून विचारलं.

“शेतात राब भाजायला फांद्या तोडताना झाडावरनं पडला, पानथरी फुटली. तुमच्यासारख्याच डाक्टरानं ती काढली. आता आमालाच इचारता?”

ओठ पांढरेफटक पडले होते. ही साधी कावीळ नव्हती, रक्तपेशी फुटत होत्या. पानथरी, म्हणजे प्लीहा, रक्तातले रोगजंतू गाळून काढते. ती नसली की हिवताप मोकाट सुटतो. मी बोटातून रक्त घ्यायला गेले तर भावाने माझं मनगट धरलं.

“रगत नाय उरलं त्याच्यात, अजून काढताय?”

“हात सोडा, नाहीतर बाहेर व्हा!” मी ओरडले. त्याने सोडला आणि दारात जाऊन थुंकला.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत अंगठीसारखे बारीक जंतू दिसले, हिवतापाचे असतात तसे. गोचिडीतून येणारा एक जंतूही असाच दिसतो, आणि यांच्या घरी गुरं होती. म्हणून शोधत राहिले. शेवटी चंद्रकोरीसारखे जंतू सापडले. ते हिवतापाचेच. क्विनीन सुरू केलं, कल्याणहून रक्त मागवलं.

ताप उतरला, लघवी निवळली. तपासणीत जंतू मात्र दिसतच राहिले. आमचे वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमचं औषध लागू पडत नाही.”

“बघा, सायबच सांगतात!” भाऊ उसळला.

“मेलेले जंतू आहेत ते, सर. उचलून टाकायला पानथरी नाही, म्हणून रेंगाळतात. रक्त कमी व्हायचं थांबलंय, तेही बघा.”

“मला शिकवू नका.” वरिष्ठ निघून गेले. मी औषध बदललं नाही.

खाटेवरून रुग्ण खेकसला, “भांडत बसा तुमी. मला भूक लागलीय.”

तो बरा झाला. तो घरी निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, “पुन्हा ताप आला तर थांबायचं नाही. डॉक्टरला आधी सांगायचं, मला पानथरी नाही.”

“ताप आला तरी हितं नाय यायचं,” भाऊ म्हणाला.

“कुठंही जा, पण सांगा!”

रुग्णाने हात जोडले. भावाने ते खाली ओढले आणि त्याला घेऊन एसटीकडे चालू लागला.