कोर्बिनियनचं वाकडं बोट

बिअरच्या मांडवात, बोटात बोट अडकवून समोरच्याला टेबलावरून ओढायच्या खेळात कोर्बिनियन यंदा तोंडावर आपटला. त्याचं मधलं बोट वाकडंच राहिलं. हाताची खास थेरपी करणारं माणूस साऱ्या खोऱ्यात सापडेना. शेवटी ज्यानं हरवलं त्या झुपकेदार मिशांच्या वास्टलनंच, मोठ्या मनानं, मिटनवाल्डच्या वाल्बुर्गाबाईंचा पत्ता दिला.

बाईंनी बोट चाचपलं. "कशानं झालं हे?"

"गोठ्यात गाईनं दोर ओढला," कोर्बिनियननं थाप मारली.

"गाईला मिशा होत्या का हो?"

कोर्बिनियन लालबुंद झाला.

"लाजताय काय? हरवलेल्या प्रत्येकाला वास्टल माझ्याकडेच धाडतो," बाई त्याचं बोट हळूच सरळ करत म्हणाल्या. "नवरा आहे माझा. संसाराला तेवढाच हातभार!"