लख्ख टेबलं

रानात राहणारा माणूस पावलांच्या आवाजावरून आपलं जनावर ओळखतो, तशी ती जिन्यावरच्या पावलांवरून वाचक ओळखायची. दोन पायऱ्या चढून थांबला, पुन्हा दोन चढून थांबला, की तो निवृत्त फिटर. त्याचे गुडघे कारखान्यातच राहिले होते. धाडधाड आला तो परीक्षेवाला. आणि चार वाजता, जिना मोडेल की काय अशा भीतीनं हलके हलके पाय टाकत यायची, ती मुक्या पोरीची आई.

शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा वरचा मजला म्हणजे संदर्भ विभाग. मोठमोठे कोश, नकाशे, जाडजूड ग्रंथ. यातलं एकही पुस्तक घरी न्यायला मिळत नाही. इथंच काढायचं, इथंच वाचायचं. पावलं ओळखणारी ती कागदावर तिथली परिचर, पगारपत्रकात खालून दुसरी. पण कागदाचं कागदापाशी. चौदा कपाटं आणि सहा लांब टेबलं यांच्यावर राज्य तिचंच होतं. लोक तिला जागामावशी म्हणायचे. कारण दिवसातून पन्नास वेळा तरी ती म्हणायची, "पुस्तकाला पाय नसतात बाबांनो, पण चुकीच्या जागी ठेवलं की ते पळून जातं. मग सात वर्षं सापडत नाही."

भिंतीवर जुनी पाटी होती : 'वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवावे.' वाचकानं पुस्तक टेबलावर ठेवलं, खुर्ची सरकली, की मावशी आलीच. पाठीवरचा क्रमांक बघायचीसुद्धा नाही. हात लावला की तिला कळायचं हे कुठल्या कपाटातल्या कुठल्या खणातलं. वाचक जिना उतरून खाली पोचायच्या आत पुस्तक आपल्या घरी पोचलेलं असायचं. एकोणीस वर्षं तिच्या टेबलावर बेवारशी पुस्तक क्वचितच कुणी पाहिलं होतं. टेबलं कशी, तर सारवलेल्या अंगणासारखी. वर्ष उरलं होतं निवृत्तीला, आणि तिची एकच इच्छा होती, की शेवटच्या दिवशीही टेबलं अशीच असावीत.

दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला खालचा कारकून वही घेऊन वर यायचा. सगळे त्याला आकडेशास्त्री म्हणायचे. माणूस अबोल. दारातूनच टेबलांवर नजर फिरवायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि निघून जायचा. मावशीला वाटायचं, तपासणी आहे. त्याच्या चपला जिन्यावर वाजल्या की ती दुप्पट वेगानं टेबलं आवरायची. शास्त्री जेवढं कमी लिहील तेवढे आपले दोष कमी, असा तिचा हिशेब. कधी कधी तो नुसता भोपळा काढून जायचा. त्या दिवशी मावशी घरी गाणं गुणगुणत जायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका सोमवारी ग्रंथपालबाईंनी तिला खाली बोलावलं आणि फलकावर लावायला एक कागद दिला. मावशी कागद वाचल्याशिवाय टाचणी टोचत नसे. तिनं वाचलं. 'वापर अत्यल्प असल्याने वरचा संदर्भ विभाग पुढील महिन्यापासून बंद करण्याचे समितीने योजले आहे. ग्रंथ तळघरात ठेवण्यात येतील. हवे असल्यास अर्ज करावा, दोन दिवसांनी उपलब्ध होतील. दैनिक सरासरी वापर : चार ग्रंथ.'

"चार?" मावशी म्हणाली. "बाई, चार तर सकाळी माझा पहिला चहा व्हायच्या आत होतात."

"आकडा माझा नाही, मावशी. वहीतला आहे." ग्रंथपालबाईंनी वर न बघताच सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. पण आकड्यापुढं त्यांचं काही चालत नसे.

मावशी तडक आकडेशास्त्र्याच्या टेबलापाशी गेली. "अहो शास्त्री, दिवसाला चार पुस्तकं? डोळे तपासून घ्या की."

शास्त्र्यानं शांतपणे वही पुढं सरकवली. तारीख, वेळ, 'टेबलावर आढळलेले ग्रंथ'. खाली चार, एक, शून्य, तीन, दोन.

"लोकांनी वाचून टेबलावर ठेवलेली पुस्तकं मोजायची, मग ती कपाटात जायची, असा नियम आहे," तो म्हणाला. "म्हणून तर पाटी लावली आहे. मी वर येतो तेव्हा टेबलं आरशासारखी लख्ख. मोजू काय, माझं तोंड?"

"आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं? ती दिसत नाहीत?"

"दिसतात ना. पण रकाना पुस्तकांचा आहे, माणसांचा नाही."

विहिरीत कळशी सुटल्यावर दोर हातात हलका लागतो, तसं मावशीला झालं. एकोणीस वर्षं आपण झाडून पुसून काढली, ती धूळ नव्हती. ती खूण होती, माणसं येऊन गेल्याची. ती आपण आपल्याच हातानं पुसली.

त्या दिवशी चार वाजता मुक्या पोरीची आई आली. ही बाई कपडे धुण्याच्या दुकानात कामाला. तिची पोर जन्मापासून बहिरी. हातांच्या खुणांनी बोलायचं कसं, याचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ नवव्या कपाटात होता. तो घरी मिळत नाही म्हणून ती रोज तासभर सुट्टी मागून यायची, चार-पाच खुणा वहीत पेन्सिलीनं उतरवून न्यायची आणि रात्री पोरीला शिकवायची. 'पाणी', 'ऊन', 'मला भीती वाटते'. दोन वर्षांत ती अर्ध्या ग्रंथापर्यंत आली होती.

"मावशी, खाली कागद लागलाय म्हणे," उठताना ती म्हणाली. "अर्ज केला की दोन दिवसांनी पुस्तक. मला तर एकच तास मिळतो हो. रोज अर्ज करू?"

मावशीनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं, सवयीनं, आणि पहिल्यांदाच त्याला कुठं ठेवायचं ते तिला सुचेना.

घरी मावशी ताटावर बसली खरी, पण भात नुसता चिवडत राहिली. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याला बिघाड बाहेरूनच कळायचा.

"काय झालं गं? काटा अडकलाय कुठं तरी."

तिनं सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की उद्या समितीची बैठक आहे, तिथं जाऊन चूक माझी आहे असं ती सांगणार.

सून दवाखान्यात परिचारिका, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखी. ती म्हणाली, "आई, वर्ष राहिलंय तुमचं. आपल्या पायावर आपणच धोंडा कशाला? एकोणीस वर्षं नियम मोडला म्हणून लिहून द्याल, तर ते कागदावर येईल. निवृत्तीच्या दिवशी गुच्छ देतील का चौकशीचं पत्र?"

"विभागच गेला तर गुच्छ कुठं ठेवू? तळघरात?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना आईंना," सून सासऱ्याला म्हणाली.

तो भिंग डोळ्यावरून काढत म्हणाला, "घड्याळ दहा मिनिटं मागं असेल आणि ते मलाच ठाऊक असेल, तर मी गप्प कसा बसू? गाडी चुकेल ना लोकांची." मग बायकोकडं बघून, "पण आधी जेव. उपाशी माणसाचा आवाज फुटत नाही."

समितीची बैठक दुपारी अडीचला, खालच्या खोलीत. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. त्यांच्या शेजारी एक कंत्राटदार सभासद. वरच्या मजल्याचं सभागृह करायचं हे त्याच्या डोक्यातलं. ग्रंथपालबाई आणि आकडेशास्त्री वह्या घेऊन बसलेले.

मावशी गणवेशाचा निळा कोट घालून आत गेली आणि उभ्या उभ्याच बोलली. "माझी चूक झाली. मोजायच्या आधीच मी पुस्तकं उचलत आले. वही खोटी नाही, पण खरीही नाही. वरचा विभाग रिकामा नाही, मी तो रिकामा दाखवला."

ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. वापराच्या एकोणीस वार्षिक अहवालांपैकी अकरांवर त्यांची सही होती.

कंत्राटदार हसला. "वा! विभाग बंद व्हायची वेळ आली आणि मावशींना बरं आठवलं. पुरावा काय?"

"माझं फडकं," मावशी म्हणाली.

"काय?"

"दर सोमवारी मी चौदाही कपाटं पुसते. जिथं पुस्तक हलतं तिथं धूळ बसत नाही, साहेब. दोन, पाच, नऊ आणि अकरा, या कपाटांत फडकं कोरं निघतं. सातव्यात काळं होतं. सातवं खुशाल तळघरात न्या, मी स्वतः उचलू लागते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस मोजणी होईपर्यंत तुम्ही टेबलावरच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. मोजणी शास्त्री करतील. आकडा काय येईल तो येईल. जमेल?"

"जमेल," मावशी म्हणाली. आयुष्यात ती पहिल्यांदाच थोडं खोटं बोलली.

पहिल्या दिवशी दहा वाजता फिटर आकाशाचा नकाशा वाचून उठला. नकाशा टेबलावर तिरपा, एक कोपरा दुमडलेला. मावशी उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली घालून स्टुलावर बसून राहिली. साडेअकराला टेबलांवर सतरा पुस्तकं होती. पूर आलेल्या ओढ्यात आपली भांडीकुंडी वाहून जाताना बघावी तशी ती बघत होती. एकला शास्त्री आला. दारातून नजर टाकली आणि तिथंच थांबला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो आत आला, आणि बोट लावून लावून मोजायला लागला.

बातमी वाचकांत पसरली. तिसऱ्या दिवशी सहा वाजायच्या सुमाराला फिटरनं काय केलं, सातव्या कपाटातून नऊ खंड काढले आणि न वाचताच टेबलावर रचून ठेवले.

"हे काय?" मावशीनं विचारलं.

"तुमच्या बाजूनं भर घालतोय. एवढं पाप चालतं."

"उघडून पाहिलंत एक तरी?"

"मावशी, आकडा वाढायला हवा की नको?"

"खऱ्याचा आकडा कमी पडला, तेव्हा मी रडले नाही. खोट्यानं वाढला तर मात्र रडेन." तिचा आवाज चढला. सगळं टेबल बघायला लागलं. "मी एकदा वही खोटी केली, न कळत. आता कळून करू? उचला. मला हात लावायची परवानगी नाही. तुम्हीच ठेवा."

फिटर वरमला. गुडघे कुरकुरत असताना नऊच्या नऊ खंड परत घेऊन गेला आणि ठेवले कुठं, तर सरळ आठव्या कपाटात. मावशीनं दात आवळले आणि डोळे मिटले. तेवढ्या पाच मिनिटांत तिचं वजन शेरभर उतरलं असेल.

आठव्या दिवशी आकड्यांची बेरीज झाली. रोजची सरासरी बासष्ट. कंत्राटदार म्हणाला, आठ दिवस सगळीच माणसं नाटकं करतात. डॉक्टर म्हणाले, मग महिनाभर मोजू. महिनाभर मोजलं. सत्तावन्न आले. फलकावरचा कागद निघाला. सातवं कपाट मात्र तळघरात गेलं. मावशी खरंच उचलू लागली.

त्याच आठवड्यात ग्रंथपालबाईंनी तिला एक पाकीट दिलं. आत लेखी ठपका होता. 'मोजणीपूर्वी ग्रंथ हलवून नोंदीत गंभीर त्रुटी निर्माण केल्याबद्दल.' बाईंना तिच्याकडं बघवेना. "मला काढावाच लागला, मावशी. माझ्यासाठीही एक निघालाय. तो डॉक्टरांकडून."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. तिनं कागद नीट वाचला, घडी सरळ केली आणि परत दिला. "माझ्या फायलीला लावा. कचेरीतलं तिसरं कपाट, खालून दुसरा खण. तारखेनं लावा, नाहीतर सापडायचा नाही."

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "मग, मिळाला का गुच्छ?"

"मिळाला," मावशी म्हणाली, "फुलं नव्हती त्याला."

सून हसता हसता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मध्येच रडायला लागली, आणि सासूला तिचीच समजूत काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जिन्यावर हलकी पावलं वाजली. मुक्या पोरीची आई आली, नवव्या कपाटातून ग्रंथ काढला, तासभर पेन्सिल चालवली. उठताना तिनं पुस्तक मिटलं आणि सवयीनं मावशीकडं दोन्ही हातांनी पुढं केलं.

मावशीचे हात अर्ध्यापर्यंत गेले. सहा वाजायला अजून तास होता. तिनं हात मागं घेतले.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली.

बाई गेली. पुस्तक टेबलाच्या कडेला जरा वाकडं पडलं होतं. मावशी स्टुलावर बसून त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच उठली, इकडं तिकडं पाहिलं आणि एका बोटानं ते टेबलाच्या कडेशी सरळ केलं. उचलायचं नाही असा नियम होता. सरळ करायचं नाही, असं काही कुणी म्हटलं नव्हतं.