पंक्चरच्या हवेवर रंगवलेला बैल

हवा ती हवा, म्हणे! आजही ते आठवलं की डोकं फिरतं माझं.

म्हातारा बैल गेला, दारात ट्रॅक्टर आला आणि वडिलांनी, आमच्या आबांनी, गोठ्याकडे बघणंच सोडलं. बैलाचा एक फोटो नाही घरात. लग्नांचे अल्बम मात्र ढीगभर! त्यात आबांचं विसरणं वाढत चाललेलं. म्हणून पोळ्याच्या पूजेला मी मातीचा बैल केला, उन्हात वाळवला. शाळेतल्या नोकरीबाहेर मला तेवढा एकच नाद, रंगकामाचा. आबा खाटेवरून सांगायचे, वशिंड काळपट, तिथून मानेवर राखाडी उतरत जातो, पोटाशी पांढरा. डोळे, नाक त्यांना पटलं. तो राखाडी उतार काही ब्रशने साधेना, पट्टे पडत. हा आपला बैल नव्हेच, म्हणून आबा मान हलवायचे, "नही, हाऊ मन्हा नही."

मग हवेच्या झोताने बारीक रंग उडवणारा एअरब्रशच घ्यायचा ठरवला, खिशाला झेपेल असा. नंदुरबारच्या दुकानदाराने आधी भिंती रंगवायचा फवारा पुढे केला. "ताई, रंगच मारायचा ना?" नंतर मोबाइलसारखं चार्ज होणारं एक खेळणं काढलं, हवा धापा टाकत येणारी. मी म्हटलं, वर रंगाची वाटी असलेला साधा एअरब्रश द्या आणि छोटा कंप्रेसर. पण दाब कमी-जास्त करायचं बटण आणि पाणी अडवणारी काचेची वाटी त्याला हवीच. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं आणि ते रंगासकट उडतं. एअरब्रश मी लगेच आणला. कंप्रेसर मागवावा लागणार होता, तो आणायचं काम धाकट्या भावाने अंगावर घेतलं.

शहाण्याने विसरवाडीच्या हायवेवरच्या मित्राच्या पंक्चरच्या दुकानातला जुना कंप्रेसर उचलून आणला! "ताई, कसाले पैसा फुकस? हवा ती हवा शे!" मी बजावलं, याला एअरब्रश जोडायचा नाही. पण आमच्याकडे यंत्रापाशी बाईचं बोलणं पुरुषाला ऐकू येतच नाही. मीठ कुठे आहे ते विचारतील, वायर दिसली की हेच इंजिनिअर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तर हा अंगणात, एअरब्रशला त्याच कंप्रेसरची नळी जोडून, ट्रकच्या टायरात भरतात तशी हवा सोडतोय. मला खूश करायचं होतं म्हणे! तेलकट पाणी फस्सकन बैलावर उडालेलं. कच्ची माती ती, कान गळून पडला, डोळ्यांवरून काळे ओघळ. मी नळी हिसकावून भिरकावली आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. तर हा वर हसतोय, "पुढला सालले नवा कर, त्यात काय!"

आबा खाटेवरून उठून आले. उपरण्याने बैलाचं तोंड पुसायला गेले तर रंगाबरोबर मातीही निघून आली. त्यांनी हात मागे घेतला आणि मला विचारलं, "पुढला सालले माले तेन्हं तोंड याद ऱ्हाई का?"